खणणारे काय ठेवतात, काय टाकतात

प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादचं जुनं टेकाड आहे. १९७४ साली तिथे एक शेतमजूर झाडाच्या बुंध्याशी खणत होता. मुळांखालून निघाला तो काशाचा रथ. ४५ सेंटीमीटर लांब, दोन बैल जुंपलेले आणि मागे उभा राहून हाकणारा माणूस. त्याच्यासोबत हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही शिल्पं भरीव, सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंहून जास्त. ताम्रपाषाणयुगातल्या दख्खनी वस्त्यांत तांब्याचा एखादा गळ किंवा चार मणी मिळाले तरी उत्खनकाचा दिवस सोन्याचा होतो. इथे एका खड्ड्यातून ६० किलो!

दायमाबादची ही शिल्पं आज पाठ्यपुस्तकांत असतात. त्यांचा काळ मात्र वादाचा आहे. बहुतेक पुरातत्त्वज्ञ ती उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. काहींनी धातूची तपासणी पुढे केली. या काशात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि इथल्या ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत ते तसं दिसत नाही, तेव्हा शिल्पं बरीच नंतरची असावीत, असं त्यांचं म्हणणं. या वादाचा निकाल शिल्पांत नाही, ती ज्या मातीत पडली होती त्या मातीत होता. कोणत्या थरात होती, खड्डा कुठल्या पातळीवरून खणला होता, आजूबाजूला कसली खापरं होती, एवढं कळलं असतं तर रासायनिक तपासणीवर भांडण्याची वेळ आली नसती. पण पुरातत्त्वज्ञ पोचेपर्यंत वस्तू वर आल्या होत्या आणि माती बाजूला पडली होती. यात त्या मजुराचा काही दोष नाही. त्याला झाडाचं मूळ हवं होतं.

खोदकामाचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: खणणाऱ्याला हवं काय आहे? खाणवाल्याला मातीतली एकच वस्तू हवी असते, बाकीची माती त्याच्या दृष्टीने अडचण. बांधकामवाल्याला काहीच नको असतं, त्याला हवी असते पोकळी. तिथे तो पाया भरणार, बोगदा काढणार, जहाज उभं करणार. पुरातत्त्वज्ञाचं गणित मात्र उलटं. त्याला मातीचा क्रमच हवा असतो, आणि खणता खणता तो क्रम त्याच्याच हातून नाहीसा होत असतो. एकदा खणलेलं पुन्हा खणता येत नाही. तिघांची कुदळ तीच, घमेलं तेच, पुष्कळदा मजूरही त्याच गावातले. फरक पडतो तो काय जपायचं आणि काय फेकायचं यात.

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग पूर्वीपासून पाडलेले आहेत. काळी म्हणजे शेतीची, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीची माती फिकी पडते ती चुलींच्या राखेने, विरघळलेल्या मातीच्या भिंतींनी, हाडांनी आणि चुन्याने. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एकाच जागी राहिली, घर पडलं की त्याच ढिगाऱ्यावर दुसरं बांधलं, की जमीन हळूहळू उंचावते. नदीकाठच्या अशा पांढऱ्या टेकाडांवरूनच महाराष्ट्रातल्या प्राचीन वस्त्यांचा माग लागला. पण त्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनाही या मातीचा गुण कळला होता. ती उत्तम खत आहे. गाड्याच्या गाड्या भरून पांढरी शेतात पसरली गेली, आणि तिच्याबरोबर शेकडो वर्षांचे थरही गेले.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. इजिप्तमध्येही प्राचीन गावांच्या विटामातीची शेतात खत म्हणून वाहतूक चाले, तिला तिथे ‘सेबाख’ म्हणत. १८८७ मध्ये अमर्ना इथे असंच सेबाख खणताना, एका स्थानिक बाईच्या हाताला असं सांगतात, मातीच्या चपट्या वड्या लागल्या. त्यांवर खिळ्यांच्या आकाराची अक्षरं होती. हा इजिप्तच्या राजांचा परराष्ट्रीय पत्रव्यवहार होता, सव्वातीन हजार वर्षांहून जुना. बाजारात पोचेपर्यंत कित्येक वड्या फुटल्या आणि हरवल्या. आज साधारण ३८० उरल्या आहेत.

हडप्पाचं याहून वाईट झालं. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लाहोर-मुलतान रेल्वेचं काम चालू होतं. रुळांखाली घालायला खडी हवी, आणि पंजाबच्या गाळाच्या मैदानात दगड मिळत नाही. ठेकेदारांना भाजलेल्या विटांचं एक अख्खं शहर आयतं मिळालं. अलेक्झांडर कनिंगहॅम या सर्वेक्षकाने नोंदवून ठेवलं आहे की सुमारे १०० मैलांचा लोहमार्ग या विटांच्या तुकड्यांवर बसला. या विटा साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, कनिंगहॅमलाही नाही. १९२१ मध्ये दयाराम साहनींनी तिथे रीतसर उत्खनन सुरू केलं आणि १९२४ मध्ये जॉन मार्शलने सिंधू संस्कृतीचा शोध जगाला जाहीर केला. मोहेंजोदडोच्या गल्ल्या, न्हाणीघरं, गटारं आपल्याला फोटोंतून पाठ झाली आहेत आणि हडप्पाची घरं तेवढी नाहीत. त्याचं एक कारण रेल्वे आहे.

पुरातत्त्वज्ञांनी तरी सुरुवातीला कुठे शहाणपण दाखवलं? हाइनरिश श्लीमानने १८७० च्या दशकात ट्रॉयच्या टेकाडातून एक रुंद चर आरपार काढला. त्याला होमरच्या महाकाव्यातलं नगर हवं होतं, म्हणून वरच्या वस्त्या त्याने कचरा समजून उकरून टाकल्या. तळाजवळ सोनं मिळालं तेव्हा तो राजा प्रायमचा खजिना असल्याचं त्याने जाहीर केलं. नंतर कळलं की ते दागिने ट्रोजन युद्धाच्या मानलेल्या काळापेक्षा हजारेक वर्षांनी जुने आहेत. ज्या थरात त्याच्या कथेतलं नगर असण्याची शक्यता होती, त्यातला मोठा भाग त्याच्याच कुदळीने गेला. श्लीमानच्या चिकाटीचं कौतुक करणारे लेख मराठीत पुष्कळ आहेत. मला तो चर पाहून त्याचं कौतुक करावंसं वाटत नाही.

भारतात थर वाचण्याची शिस्त बसवली मॉर्टिमर व्हीलर या लष्करी बाण्याच्या माणसाने. १९४४ ते १९४८ तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक होता. त्याची पद्धत ऐकायला सोपी आहे. जमिनीवर चौरस आखायचे, प्रत्येक चौरस स्वतंत्र खणायचा आणि दोन चौरसांमध्ये मातीची भिंत तशीच उभी ठेवायची. खोली वाढत जाते तसतशी त्या भिंतीच्या उभ्या बाजूवर थर दिसू लागतात: ही राखेची पट्टी, ही पुराच्या गाळाची, ही चोपलेली जमीन. प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची चिठ्ठी, आणि खापराचा तुकडा त्या चिठ्ठीशिवाय पिशवीत जाणार नाही.

रोजगार हमीच्या कामावर तळ्याचं किंवा नाल्याचं खोदकाम ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ही उभी ठेवलेली माती ओळखीची वाटेल. मापाप्रमाणे मजुरी असली की खड्ड्यात मधेमधे मातीचे बुटके खांब न खणता सोडतात. मोजणीचा माणूस येतो, खांबाच्या माथ्यापासून तळापर्यंत टेप लावतो, आणि किती ब्रास माती निघाली ते ठरतं. माती तर केव्हाच वाहून नेलेली असते. ती होती याचा पुरावा तेवढा तो खांब. व्हीलरच्या भिंतीचं काम नेमकं हेच.

थरांच्या वाचनात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे खड्डा. कोणी साडेतीनशे वर्षांपूर्वी धान्याचं पेव खणलं, ते दोन हजार वर्षं जुन्या थरात शिरलं, आणि पुढे त्यात केरकचरा भरला. आता शिवाजी महाराजांच्या काळातलं नाणं सातवाहन काळातल्या खापरांच्या पातळीवर सापडणार. नुसती खोली मोजली तर निष्कर्ष साफ चुकतो. म्हणून खड्ड्याची कड शोधावी लागते. भरावाची माती भुसभुशीत असते, रंगाने थोडी वेगळी असते. उन्हात वाळली की फरक दिसेनासा होतो. मग पृष्ठभाग करणीने तासून त्यावर पाण्याचा हलका फवारा मारतात, आणि ओल धरलेल्या मातीत कड उमटते. कुडाच्या घरांचे खांब कुजून जातात पण त्यांची भोकं अशीच गोल डागांच्या रूपात राहतात. त्या डागांची ओळ जोडली की घराचा आकार मिळतो.

हे सगळं महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आणि वर्षानुवर्षं झालं ते इनामगावला. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी हे टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तोवरच्या पद्धतीप्रमाणे एखाददुसरा उभा चर घेऊन वस्तीचा काळ ठरवायचा आणि पुढच्या गावाला जायचं, असं तिथे केलं नाही. आडवं, पसरून खणलं. १३० हून अधिक घरं उघडी झाली. इ.स.पूर्व १६०० च्या सुमाराला सुरू झालेली वस्ती इ.स.पूर्व ७०० पर्यंत चालली.

दायमाबादसारखं झळाळणारं तिथे काही मिळालं नाही. डोंगर पोखरून उंदीर काढला, असं कुणी म्हणेलही. पण पुरातत्त्वज्ञाला उंदीरच हवा असतो, हाडांसकट, आणि कोणत्या घराच्या कोणत्या कोपऱ्यात मिळाला या नोंदीसकट. इनामगावला माती पाण्यात ढवळून तरंगणारे जळके दाणे वेगळे केले गेले. त्यांवरून कळलं की हे लोक प्रामुख्याने सातू पिकवत. नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घातला होता, कालवा काढला होता. पाच खोल्यांचं एक घर इतरांपेक्षा मोठं निघालं आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. गावाला प्रमुख होता आणि धान्य त्याच्या ताब्यात जमा होत असे, हा तर्क या दोन वास्तूंच्या शेजारावरून आला. वस्तीच्या अखेरच्या काळात चौकोनी प्रशस्त घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात, आणि रानटी जनावरांच्या हाडांचं प्रमाण वाढतं. पाऊस कमी झाला, शेती ढासळली आणि माणसं शिकारीकडे, भटकेपणाकडे वळली, असा ढवळीकरांनी त्याचा अर्थ लावला.

आणि घराच्या जमिनीखाली होती त्यांची माणसं. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि आत मूल. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं निजवत, पण पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन फिरू नये, अशी काहीशी समजूत त्यामागे असावी. एका ठिकाणी मात्र चार पायांचा, पोट सुटलेला कच्च्या मातीचा मोठा रांजण निघाला. त्यात सुमारे चाळिशीतला पुरुष मांडी घालून बसवलेला होता, आणि त्याची पावलं शाबूत होती. हा रांजण नेमका त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात होता, म्हणून प्रमुखपदाचा तर्क आणखी पक्का झाला. हाच रांजण एखाद्या विहिरीच्या कामात निघाला असता तर ‘विचित्र आकाराचं मडकं आणि हाडं’ यापलीकडे त्याला काही अर्थ उरला नसता.

आता खडकाकडे. मातीला निदान कुदळ लागते, दख्खनच्या काळ्या पाषाणाला लागत नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख त्यांनी झाकला. हा खडक सगळीकडे सारखा नसतो. कुठे एकसंध आणि घट्ट, कुठे बुडबुड्यांच्या पोकळ्या खनिजांनी भरलेला, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा गेरूसारखी लाल मातीची पट्टी. धरणाच्या आणि बोगद्याच्या इंजिनिअरांना त्या लाल पट्टीची धास्ती असते. पाणी लागलं की ती मऊ पडते आणि वरचा खडक सुटतो.

पूर्वी खडक फोडायचे उपाय थोडे होते. छिन्नी-हातोडा, पाचर, आणि आग. खाणीच्या तोंडाशी लाकडं रचून खडक तापवायचा आणि त्यावर पाणी ओतायचं, की तो तडकतो. युरोपातल्या खाणींत हे सोळाव्या शतकातही चालू होतं. धूर कोंडून माणसं मरत. १६२७ मध्ये आजच्या स्लोव्हाकियातल्या एका खाणीत दारूचा सुरुंग पहिल्यांदा लावल्याची नोंद आहे, आणि डायनामाइटचं पेटंट आल्फ्रेड नोबेलने घेतलं ते १८६७ मध्ये.

या पार्श्वभूमीवर वेरूळचं कैलास लेणं पाहायला हवं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात त्याचं मुख्य काम झालं. इतर लेणी डोंगराच्या तोंडातून आत कोरत नेली, कैलास माथ्यावरून खाली कोरला. आधी तीन बाजूंनी खोल चर, मधे खडकाचा प्रचंड ठोकळा, आणि त्यातून शिखरापासून जोत्यापर्यंत मंदिर. मागचा कडा तळापासून सुमारे ३० मीटर उभा आहे. काढून टाकलेल्या दगडाचे अंदाज दीड ते दोन लाख टनांपर्यंत जातात. वरून खाली येण्यात शहाणपण होतं: परांची बांधावी लागत नाही, आणि फोडलेला दगड आपल्याच भाराने खाली येतो. पण एक जोखीमही होती. चुकून हत्तीची सोंड तुटली तर नवी बसवता येत नाही, कारण सोंड आणि डोंगर एकच. खोदकामाच्या इतिहासात पोकळी आणि वस्तू दोन्ही एकाच वेळी हवी असणारा कारागीर मला दुसरा आठवत नाही.

घाटातले बोगदे ही वेगळीच गोष्ट. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात झाला. म्हणजे नोबेलच्या आधी. २५ बोगदे हातभोकांनी आणि साध्या दारूने काढले. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, दर घावानंतर पहार थोडी फिरवायची, म्हणजे भोक गोल राहतं आणि पहार अडकत नाही. हातभर भोक झालं की दारू, वरून मातीचा दट्ट्या, वात, आणि पळ. कडा इतका सरळ होता की काही जागी पहिलं भोक पाडायला माणसांना दोरानं बांधून खाली सोडावं लागलं. १८६१ च्या सुमारास या एका घाटात चाळीस हजारांच्या आसपास माणसं राबत होती. कॉलरा आणि तापाने त्यातली मोठ्या संख्येने मेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. ठेका पुढे त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने पुरा करवून घेतला, आणि तिचं नाव आज रेल्वेच्या इतिहासात आवर्जून घेतलं जातं. घण घालणाऱ्यांपैकी एकाचंही घेतलं जात नाही. महाराष्ट्रात माती आणि दगडाचं काम पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाने केलं: मातीवडार, गाडीवडार, पाथरवट अशा कामावरून पडलेल्या शाखा. तळी, धरणं, रस्ते, घाट यांच्या कोनशिलांवर त्यांच्यासाठी ओळ नसते.

पोकळी काढण्याच्या कलेचा महाराष्ट्रातला सगळ्यात धाडसी नमुना कोयनेला आहे, आणि तो जमिनीखाली असल्याने फारसा कुणी पाहिलेला नाही. जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयातून पाणी घ्यायचं होतं. धरण भरलेलं, ते रिकामं करून तळाला तोंड पाडणं परवडणारं नव्हतं. म्हणून उलट्या बाजूने गेले. बोगदा खालून खणत जलाशयाच्या तळाखाली आणला आणि वर शेवटचा काही मीटर खडक बुचासारखा शिल्लक ठेवला. वर जलाशय, खाली रिकामा बोगदा, मधे बूच. बुचाच्या खालीच एक खोल खड्डा काढून ठेवला, कारण स्फोट झाल्यावर खडकाचे तुकडे पाण्याच्या लोंढ्याबरोबर पुढे सुटले तर सगळी यंत्रणा जाईल. ते त्या खड्ड्यात पडायला हवेत. मग सगळी माणसं बाहेर आणि स्फोट. याला ‘लेक टॅपिंग’ म्हणतात, तंत्र मूळ नॉर्वेचं. १३ मार्च १९९९ ला कोयनेत ते झालं, आशियात पहिल्यांदाच. २५ एप्रिल २०१२ ला दुसऱ्यांदा केलं. खणण्याच्या कामात शेवटचा घाव सगळ्यात जोखमीचा असतो, आणि इथे तो एकदाच घालता येणार होता.

खाणीत प्रश्न पोकळीचा नसतो, निघालेल्या मातीचा असतो. जमिनीत दाबून बसलेली माती उकरली की फुगते. साधी माती पाव हिश्शाने, सुरुंगाने फोडलेला खडक जवळजवळ दीडपट. म्हणून खड्डा आपल्याच मातीने भरला तरी वर ढीग उरतो. गोव्यात एक टन लोहखनिज काढायला अडीच ते तीन टन माती-दगड उपसावे लागतात. डिचोली, सत्तरी, सांगे भागात हे डंप डोंगरांसारखे उभे राहिले. गोव्यातला पाऊस त्यांच्यावर कोसळला की लाल चिखल ओढ्यांत, ओढ्यांतून भातशेतीत. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि तिथलं पाणी पंपाने उपसायला लागल्यावर आसपासच्या विहिरी आटल्या. पुढे चीनची मागणी वाढली, कमी प्रतीचं खनिजही खपू लागलं, आणि चमत्कार असा की कालपर्यंत कचरा असलेला डंप स्वतःच खनिज झाला. २०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात पाच कोटी टनांच्या घरात होती. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, आणि २०१८ मध्ये ८८ परवान्यांचं नूतनीकरण रद्द केलं. खाणींवर पोट असलेल्या ट्रकवाल्यांचे आणि बार्जवाल्यांचे हाल झाले, हे खरं. पण शेत गाळाने भरलेल्या माणसाला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं, हेही तेवढंच खरं.

कचऱ्याचं मोल बदलतं ते शहरांतही दिसतं. मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना समुद्रपातळीच्या बरंच खाली बुडालेलं जंगल लागलं. साडेतीनशेहून अधिक झाडांचे बुंधे, त्यातले पुष्कळसे मुळांवर उभे, बरीचशी झाडं खैराची. इंजिनिअरांनी ती मोजली आणि नोंदवली म्हणून मुंबईचा किनारा एकेकाळी खचल्याचा पुरावा आपल्या हाती आहे. गोदीच्या ठेक्यात झाडं मोजण्याचं कलम नक्कीच नसणार. लंडनमध्ये क्रॉसरेल या रेल्वेमार्गाचे बोगदे काढताना लिव्हरपूल स्ट्रीटपाशी जुनं दफनस्थान लागलं. तीन हजारांहून अधिक सांगाडे काढले आणि त्यातल्या काहींच्या दातांतून १६६५ च्या प्लेगचा जीवाणू ओळखता आला. याच बोगद्यांतली ३० लाख टन माती वॉलसी बेटावर नेऊन तिथे पक्ष्यांसाठी पाणथळ जमीन तयार केली. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीच्या मेट्रोला रोमन आणि बायझंटाइन रस्ता आडवा आला. काम २००६ मध्ये सुरू झालेलं, गाडी धावली २०२४ च्या नोव्हेंबरअखेर. उशीर झाला, पण तो रस्ता आज स्थानकातच पाहता येतो. मुंबईच्या कुलाबा-सीप्झ मेट्रोसाठी १७ बोगदा-यंत्रं जमिनीखाली सोडली होती. असं यंत्र पुढून खडक भरडतं आणि मागून काँक्रीटचे कडे बसवत जातं. त्याच्या पोटातून गेलेला थर कुणालाच वाचता येत नाही.

आपल्याकडची बहुतेक खोदकामं एवढी मोठी नसतात. घराचा पाया, विहीर, शेततळं, गटाराचा चर. त्यात धोका वस्तूंना असतो तसा माणसांनाही. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. चराची भिंत ढासळली की आतला माणूस कमरेपर्यंत गाडला गेला तरी त्याला ओढून काढता येत नाही, आणि छाती दाबली गेली तर काही मिनिटांत गुदमरतो. दीड मीटरहून खोल चराला बाजूंनी आधार द्यावा, असं भारतीय मानक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर गल्लोगल्ली निघणाऱ्या चरांत हा आधार किती ठिकाणी दिसतो, हे वाचकांनी आपापल्या गल्लीत पाहावं. उकरलेली माती चराच्या काठालाच रचू नये, एवढी साधी गोष्टही पाळली जात नाही.

आणि खणताना काही लागलंच, तर? १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय मिळालं, कुठे आणि केव्हा. मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो, किंवा सरकार मोबदला देऊन वस्तू घेतं. लपवलं तर वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. पण कायद्याच्या आधीचं काम खड्ड्यातच करायचं असतं. मडकं, विटांची ओळ, नाणी, कोरलेला दगड दिसला की कुदळ थांबवा. वस्तू उचलू नका, घासूनपुसून धुऊ नका. शेजारी एखादी पट्टी ठेवून जागेवरच फोटो काढा, जमिनीपासून किती खोल आहे ते टेपने मोजून लिहून ठेवा, आणि तहसीलदारांना किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. दायमाबादला नेमकी हीच नोंद नाही.